ताईच्या दवाखान्यातली माणसं

त्या घरात दोघी बहिणी राहायच्या. मोठीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला धाकटी. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी धाकटीचं नाव काही मोठं झालं नाही. लग्न दोघींचंही झालेलं नव्हतं. ताईचं एकदा ठरत आलं होतं, तेवढ्यात वडील अंथरुणाला खिळले आणि ते राहून गेलं ते गेलंच. धाकटीच्या बाबतीत कुणी फारसं मनावरच घेतलं नाही. तिने स्वतःही नाही.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढच्या बाजूला फ्रेमांची कपाटं, आरसे आणि गोड बोलणारा मालक. मागे पडद्याआड एक अरुंद खोली, तिच्यात काचा घासायचं मशीन. धाकटी तिथे बसायची. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडेची धार हलक्या हाताने मारायची, फ्रेम गरम करून काच आत बसवायची. मशीन सुरू असलं की पाण्याची धार आणि घरघर, याखेरीज काही ऐकू यायचं नाही. स्वभावही असा की तिला त्याचं काही वाटायचं नाही.

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या दवाखान्यात होती, काउंटरवर. संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या की अख्खा दवाखाना ताईबरोबर घरी आलेला असायचा. एक वकील होता. त्याचा पुढचा दात पडल्यापासून त्याच्या प्रत्येक ‘स’ला शीळ वाजायची. ‘साहेब, साक्षीदार सांगतो’ एवढं तो बोलला की रस्त्यावरचा कुत्रा आत येऊन उभा राहायचा. एक आजी होती, ती घाईत नवऱ्याची कवळी घालून आली होती आणि डॉक्टरांनाच दटावत होती, की तुम्ही माप चुकवलंत. धाकटी घास हातात धरून हसायची. ताई मात्र हसायची नाही. ती शांतपणे पुढचं वाढून घ्यायची आणि म्हणायची, “अगं, याहून पुढची गंमत ऐक.”

सगळ्यांत लांबली ती कंडक्टरची गोष्ट. हा निवृत्त कंडक्टर. आयुष्यभर चालत्या बसमध्ये उभं राहून त्याला बसायची सवयच राहिली नव्हती. समोर खुर्च्या रिकाम्या असल्या तरी खिडकीचा गज धरून उभा. आणि एक मफलरवाली बाई. दाढ सुजली होती म्हणून गालाला मफलर गुंडाळून आली, सूज उतरली तरी मफलर उतरला नाही. दोघं एकाच वारी यायला लागली. मग वेळेच्या आधी यायला लागली. “दोघांचे दात केव्हाच बरे झालेत,” ताई म्हणायची, “पण डॉक्टरांना ते सांगायला कुणी तयार नाही.”

कित्येक महिने ही गोष्ट पुढे सरकत होती, कधी बोटभर, कधी वितीभर. मग एका संध्याकाळी ताईने सांगितलं, की त्या दोघांचं बिनसलं. कंडक्टर मफलरवरून काहीतरी गमतीत बोलला, आणि बाई उठून निघून गेली.

“मग?” धाकटीने विचारलं.

“मग काय, पुढच्या वारी तो आला, ती आलीच नाही. तिची खुर्ची रिकामी. बराच वेळ तो गज धरून उभा राहिला. आणि मग काय केलं माहितीये? बसला. तिच्याच खुर्चीत जाऊन बसला.” हे सांगताना ताई पहिल्यांदा हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“आणि ती? ती येईल ना परत?”

“बघू की,” ताई ताटं उचलत म्हणाली. “मला तरी काय माहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई न्हाणीघरात पडली. दवाखान्यात, म्हणजे मोठ्या इस्पितळात, ती शुद्धीवर आलीच नाही. मेंदूत रक्तस्राव, असं सांगितलं. धाकटी तिचा हात धरून बसून राहिली, आणि एका दुपारी त्या हातात काही उरलं नाही.

माणसं भेटायला आली आणि गेली. दाताचे डॉक्टर येऊन गेले, दोन वाक्यं बोलले. चुलत भाऊ म्हणाला, आमच्याकडे ये राहायला. तो हे दारात, बूट घालता घालता म्हणाला, त्यामुळे तिने नको म्हटलं.

मग घर गप्प झालं. धाकटी ओट्यापाशी उभ्यानेच जेवायला लागली, कारण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. स्वयंपाक दोघींच्या मापाचा व्हायचा, उरलेलं दुसऱ्या दिवशी खायची, आणि तरी पुढच्या दिवशी हात पुन्हा तेवढंच माप घ्यायचा. दुकानात मालक विचारायचा, “बरं आहे ना?” ती म्हणायची, “हो.” दिवसाचं बोलणं संपलं. एकदा सुट्टी जोडून आली. शेवटच्या दिवशी पाण्याचा मीटर बघणारा माणूस आला, आणि त्याला ‘जिन्याखाली आहे’ असं सांगायला गेली तर तोंडातून आवाजच फुटेना. तो म्हणाला, “घसा धरलाय वाटतं.” तिने मान हलवली.

ताईची आठवण तर यायचीच. पण त्या आठवणीच्या मागे आणखी एक गोष्ट टोचत राहायची, आणि तिची धाकटीला लाज वाटायची. मफलरवाली परत आली का? सख्खी बहीण गेली आणि आपल्याला परक्या माणसांच्या रुसव्याची पडलीये, असं वाटून ती स्वतःवरच चिडायची. पण काच घासता घासता तो कंडक्टर डोळ्यांपुढे यायचाच, त्या खुर्चीत अवघडून बसलेला.

ताईने वाचनालयातून आणलेली पुस्तकं घरात पडून होती. ती परत करायला धाकटी गेली, तेव्हा दाराशी एक कागद चिकटवलेला दिसला. दर शनिवारी दुपारी कथालेखनाचा वर्ग, कुणीही यावं. तिने आयुष्यात वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण शनिवारची दुपार फार मोठी असायची. ती गेली.

वर्गात मोजकी माणसं होती. एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, नर्सिंग शिकणारी एक मुलगी, एक-दोन पेन्शनर. शिकवणाऱ्या बाई उंच, किडकिडीत, आवाज खणखणीत. त्या फळ्यावर काही लिहायच्या नाहीत. “गोष्टीला फार सामान लागत नाही,” त्या म्हणाल्या. “एक माणूस लागतो. त्याला काहीतरी मनापासून हवं असावं लागतं. आणि ते त्याला सहज मिळता कामा नये. कुठे घडतं, कधी घडतं, कोण काय बोलतं, हे सगळं त्या माणसाच्या पाठोपाठ येतं.”

पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं, की गोष्ट कोण सांगतंय ते आधी ठरवा. तीच घटना सासूने सांगितली तर वेगळी, सुनेने सांगितली तर वेगळी.

“आणि नवऱ्याने सांगितली तर?” ड्रायव्हरने विचारलं.

“नवरा म्हणतो, मी तेव्हा घरात नव्हतो,” बाई म्हणाल्या. सगळे हसले. धाकटीही हसली, आणि आपण हसलो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला कसंतरीच झालं.

तिने कंडक्टर आणि मफलरवालीची गोष्ट लिहून काढली. वर्गात ती वाचून दाखवली, आणि लोकांनी मन लावून ऐकलं. रिकाम्या खुर्चीपाशी ती थांबली.

“पुढे?” बाईंनी विचारलं.

“पुढचं मला माहीत नाही. हे माझी बहीण सांगायची. ती गेली.”

मग बाई म्हणाल्या, “मग पुढचं तुम्ही सांगा.”

“मी कसं सांगू? ती खरी माणसं आहेत. त्यांच्या आयुष्यात मी काय म्हणून ढवळाढवळ करू?”

“असं म्हणता?” बाईंनी थोडा विचार केला. “मग जाऊन विचारून या.”

धाकटी त्या दवाखान्यात कधी गेलेली नव्हती. दोघींच्या कामाच्या वेळा एकच होत्या, आणि दाताच्या खुर्चीची तिला लहानपणापासून धास्ती. ताईही म्हणायची, “तुझे दात चांगले आहेत, उगाच कशाला येतेस एवढ्या लांब.” दुकानातून अर्धी रजा काढून ती गेली.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाहेर बसायला जागा होती, पण ती ताई सांगायची तशी नव्हती. भिंतीला एक लांब बाकडं, समोर टीव्ही आणि खिडकी नाहीच. काउंटरवर तिशी-पस्तिशीची एक मुलगी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होती. धाकटीने ताईचं नातं सांगितलं.

“ताई? आतल्या ताई का?” मुलगी उठून उभी राहिली. “या ना मावशी, बसा. फार वाईट झालं.”

“आतल्या म्हणजे?”

“म्हणजे मशीनच्या खोलीतल्या.”

“ती काउंटरवर होती ना?”

मुलीचा चेहरा गोंधळला. “पूर्वी असतील. कॉम्प्युटर आला तेव्हा डॉक्टरांनी मला इथे घेतलं. मी आले तेव्हा माझी मुलगी रांगत होती, आता ती सातवीत आहे. तेव्हापासून तर त्या आतच.”

तिने मागची खोली उघडून दाखवली. पाय पसरायलाही जागा नाही. बेसिन, अवजारांचे ट्रे आणि ती वाफेने निर्जंतुक करायचं एक मशीन, कोनाड्यात बसवलेलं. एवढीशी खिडकी, तिला गज. एक स्टूल, त्यावर जुन्या फुलाफुलांच्या कापडाची गादी. ते कापड धाकटीच्याच ड्रेसचं होतं. फाटला म्हणून तिने टाकायला काढला होता.

“पेशंट आले की तिच्याशी बोलायचे का?” धाकटीने विचारलं. “एक कंडक्टर यायचे. आणि एक बाई, मफलर घालणाऱ्या.”

“इथे? इकडे पेशंट येतच नाहीत, मावशी. आणि ताई फार अबोल होत्या. डबासुद्धा इथेच खायच्या. आम्ही बोलवायचो, पण त्या म्हणायच्या, तुमचं चालू द्या.”

“वकील? शीळ वाजवणारे?”

मुलीने हळूच नकाराची मान हलवली. मग काहीतरी चांगलं सांगावं म्हणून ती म्हणाली, “त्यांच्याशी बोलणारा एकच माणूस होता. मशीनवाले काका. ते दुरुस्तीला येतात. मशीन परत गळायला लागलंय, म्हणून गुरुवारी दुपारी येणार आहेत. त्यांना अजून कळलेलंही नाहीये. त्या गेल्यापासून ते आलेच नाहीत.”

घरी जाताना धाकटीच्या मनात आधी राग आला. आपल्याला इतकी वर्षं वेड्यात काढलं. आपण हसत होतो, हळहळत होतो, आणि ती आपल्या तोंडाकडे बघत पुढचं रचत होती. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. बऱ्याच दिवसांनी टेबलाशी जाऊन बसली आणि समोरच्या खुर्चीकडे बघत राहिली. मग हळूहळू राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं ते सोसवेना. दिवसभर ताई त्या कोंडलेल्या खोलीत एकटी उभी असणार. हात भाजू नयेत म्हणून जपत ट्रे आत ढकलत, बाहेर काढत. आणि संध्याकाळसाठी एकेक माणूस जमवत असणार, कारण घरी जेवायला समोर जी बसायची तिच्याकडे सांगायला कधीच काही नसायचं. “तुझ्या दुकानात काय आज?” ताई रोज विचारायची. “काय असणार,” धाकटी म्हणायची, आणि ताट पुढे ओढायची.

गुरुवारी ती पुन्हा गेली.

मशीनवाले काका साठीच्या आसपासचे होते. अंगाने भरलेले, खिशाला पेचकस अडकवलेला. बातमी त्यांना काउंटरवरच कळली होती. धाकटी आत गेली तेव्हा मशीनचं झाकण उघडं होतं, पण ते काम करत नव्हते. खिडकीचा गज धरून उभे होते.

“बसा ना,” धाकटीने स्टूल पुढे केलं.

“नको, मी उभाच बरा,” ते म्हणाले. “फिरतीचं काम. बसायची सवयच राहिली नाही.”

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. जवळजवळ विचारणार होती, की तुम्ही कधी कंडक्टर होतात का.

“मी तिची बहीण,” ती म्हणाली.

“म्हणजे तुम्ही धाकटी?” त्यांचा चेहरा एकदम उजळला, मग परत उतरला. “असं भेटायचं नव्हतं आपल्याला.” “त्रास झाला का हो त्यांना?”

“नाही. कळलंच नसेल तिला.”

“मशीनला महिन्या-महिन्याला यायची काही गरज नसते,” ते खाली बघत म्हणाले. “वर्षातून दोनदा पुरतं. पण मी आपला यायचो.”

धाकटीने विचारलं, “शेवटी तुमचं काही बिनसलं होतं का?”

त्यांनी चमकून वर बघितलं. “त्या बोलल्या तुमच्याकडे? अहो, मी गमतीत म्हटलं. वाफेमुळे त्या डोक्याला कायम फडकं बांधून असायच्या. म्हटलं, ताई, या फडक्याखाली केस आहेत की तेही उकळून निघाले? त्या बाहेर निघून गेल्या, मी जाईपर्यंत आत आल्याच नाहीत. पुढच्या खेपेला माफी मागायची ठरवून आलो, तर त्यांची रजा. मी थांबलो जरा वेळ. त्यांच्या स्टुलावर बसून राहिलो. नंतर धीरच झाला नाही यायचा, टाळत राहिलो. आणि आज येतोय तर हे.”

“ती रागावली नव्हती,” धाकटी म्हणाली.

“तुम्ही आपलं मला बरं वाटावं म्हणून…”

“नाही. पडायच्या आदल्याच संध्याकाळी तिने मला सांगितलं. तुम्ही स्टुलावर बसून राहिलात, ते तिला कुणीतरी सांगितलं असणार. हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ताई सांगताना कधी हसायची नाही.”

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग वळून ते म्हणाले, “एक विचारू? राग मानू नका. त्या जुळ्या भावांचं पुढे काय झालं?”

“कुठल्या?”

“असं काय करता. तुमच्या दुकानातल्या. तुमच्या गमती ताई मला सगळ्या सांगायच्या. धाकटी जेवताना घर डोक्यावर घेते म्हणायच्या, हसून हसून घास लागतो. ते दोघं जुळे, एकमेकांशी बोलत नाहीत. एक सोमवारी येतो, एक शुक्रवारी. दोघांनी एकच फ्रेम पसंत केली, आणि तुम्ही मुद्दाम चष्म्यांची अदलाबदल केलीत. म्हणजे बदलून घ्यायला तरी भेटतील. ताई म्हणाल्या, पुढचं धाकटीने अजून सांगितलं नाही. सांगितलं की तुम्हाला सांगते.”

धाकटीने कधी कुणाचे चष्मे बदलले नव्हते. दुकानात कधी कुणी जुळे आलेले तिने पाहिले नव्हते. असली धिटाई करणारी, जेवताना घर डोक्यावर घेणारी एक धाकटी ताईने या खोलीत बसून घडवली होती, आणि या माणसाच्या मनात ती चांगली धडधाकट जगत होती. तिला नाही कसं म्हणायचं?

“भेटले का ते?” काकांनी विचारलं.

तिने स्टूल ओढलं आणि त्या गादीवर बसली. त्या दोघा भावांना काय हवं असेल, असा विचार तिने केला.

“कुणी आलंच नाही,” ती म्हणाली. “मी सोमवारी वाट बघितली, शुक्रवारी बघितली. दोघांचे नंबर वेगळे. चुकीच्या काचेने डोकं दुखतं, चक्कर येते. कुणीतरी भांडायला यायला हवं होतं. कुणी नाही.”

“मग?”

“मग मला धास्ती वाटायला लागली. एकाचा पत्ता होता. म्हटलं, जाऊन कबूल करावं. गेले. तो दार उघडून उभा, नाकावर तोच चष्मा. मी म्हटलं, साहेब, माझ्या हातून चूक झाली, हा चष्मा तुमचा नाही. तो म्हणाला, मला माहीत आहे.”

“माहीत होतं?”

“भावाने दुकानात फ्रेम घालून बघितली होती ना, चष्म्याच्या काडीला तेलाचा वास होता. भाऊ लहानपणापासून तेच तेल लावतो. घातल्याबरोबर ओळखलं म्हणाला. मी म्हटलं, अहो, पण तुम्हाला यातून नीट दिसत नसेल. तो म्हणाला, धूसर दिसतं. राहू दे.”

काका गज सोडून जरा पुढे झुकले होते. “आणि दुसरा?”

“त्यानेही आणून दिलेला नाही.”

“म्हणजे दोघंही…” ते थांबले. “पण भेटले नाहीत?”

धाकटीने विचार केला. त्यांना भेटवणं काही कठीण नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते तिच्या तोंडून येईना. “नाही अजून,” ती म्हणाली.

“ताई असत्या तर भेटवलं असतं त्यांनी.”

“हो. तिने भेटवलं असतं.”

काकांनी मशीनचं झाकण लावलं, पेच आवळले आणि वाफ सोडून बघितली. गळत नव्हतं. निघताना ते दारात घुटमळले. “मला जवळचं दिसत नाही हल्ली. तुमच्या दुकानात येईन म्हणतो एकदा.”

“या,” धाकटी म्हणाली. मग तिला वाटलं, आले तर ते पडद्यामागची खोली बघतील, आणि मालकाला जुळ्यांबद्दल विचारतील. तरी ती परत म्हणाली, “या नक्की.”

घरी आली तेव्हा अजून उजेड होता. तिने दिवा लावला नाही. टेबलाशी बसून जेवली. खोलीत घासाचा आवाज ऐकू येत होता. आज किती सांगण्यासारखं घडलं होतं. मशीनवाले काका कसे उभे होते, तेलाचा वास आपल्याला कसा सुचला, आपण किती धडधडीत खोटं बोललो आणि तो माणूस कसा लहान मुलासारखा ‘मग? मग?’ करत होता. ताई घास थांबवून ऐकत राहिली असती. कदाचित म्हणाली असती, तेलाचं छान आहे, पण शेवट फारच कोरडा केलास, धाकटे.

तिने एकदा तोंड उघडून पाहिलं. “ताई,” ती त्या रिकाम्या खोलीत म्हणाली.

काही वेळाने तिने ताट धुतलं, ओटा पुसला आणि शनिवारच्या वर्गासाठी कागद काढून बसली. पहिलं वाक्य फार वेळ जमेना. कोण सांगतंय, तेच तिला ठरवता येत नव्हतं.